चिमणीच्या बरण्या

साहेबांच्या नातवाच्या वाढदिवसाला न्यायचं काय, यावरून विमा कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरात सकाळपासून धुसफूस चालली होती. त्यानं दुकानातून मोठा, चकचकीत खेळ आणून ठेवला होता. पण त्याच्या लेकीनं, चिमणीनं, आईला हाताशी धरून निराळाच घाट घातला. कणीक, मीठ, जरासं तेल, गरम पाणी; बिटाच्या रसानं लाल, हळदीनं पिवळा. खेळायचे असे रंगीत मऊ गोळे तिनं जॅमच्या रिकाम्या बरण्यांत भरले आणि झाकणांवर घरच्या खळीनं कागदी फुलं चिकटवली.

"हे मी माझ्या हातानं देणार."

"बरं," म्हणत बापानं ती पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली. साहेबांच्या दारात उतरल्यावर मात्र बाहेर काढला तो फक्त दुकानातला खोका.

आत भेटी उघडणं चालू झालं. साहेबांनी खेळाचं कौतुक केलं, तसा कारकून खुलला. तेवढ्यात चिमणीनं बाही ओढली.

"बाबा, माझी पिशवी?"

"अगं, घरीच राहिली वाटतं."

तिनं पिशवी डिकीत जाताना पाहिली होती. त्याची बाही सोडून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बायकोनं त्याला गॅलरीत गाठलं. "खोटं का बोललात?"

"हळू बोल. साहेबांपुढं कणकेचे गोळे मांडू? चारचौघांत हसं होईल माझं."

"तिनं काय चोरून आणलंय? अहो, तिला आपल्या कामाची लाज ठाऊकच नव्हती. ती आज तुम्ही शिकवलीत. आता काही करायला घेण्याआधी ती विचार करेल, बाबांना हे चालेल का?"

त्यानं आत पाहिलं. बिटानं लाल झालेली बोटं चिमणी फ्रॉकमागे लपवत होती. तो तसाच खाली धावला आणि पिशवी घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"पिशवी राहिली नव्हती, चिमणे. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो. चुकलो मी."

मग उठून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, हे माझ्या मुलीनं स्वतः केलंय. तिलाच देऊ द्या."

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांच्या सुनेनं "छान हं" म्हणत बरण्या घेतल्या आणि न उघडताच खिडकीत ठेवल्या. बापाचे कान तापले, पण त्यानं मान खाली घातली नाही.

जिन्यात चिमणीनं विचारलं, "तो मुलगा बरण्या उघडेल ना?"

"माहीत नाही, बाळा. पण उद्या मला गोळे करायला शिकवशील?"

ती म्हणाली, "पाणी एकदम ओतायचं नाही. चिकट होतं."

मंडळी, मुलांच्या हातच्या वस्तूला आपण बाजारभाव लावतो, तेव्हा त्यांची बोटं आखडतात. घरातली मूठभर कणीक त्यांच्या कल्पनेला पुरते. आपण तिची लाज बाळगली नाही, म्हणजे झालं.