टीनाच्या वाचनखुणा

रंजिता वर्षाला साठ पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर इन्स्टाग्रामवर लांबलचक मजकूर लिहायची. सहा वर्षांत फॉलोअर जमले तीनशे बारा, त्यातले निम्मे नातेवाईक. तरी मोहाडीतल्या त्या विणकरांच्या गल्लीत पुस्तकवाली म्हणजे तीच, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

मग धाकट्या भावाचं, भूषणचं लग्न झालं आणि जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधून टीना घरात आली. सासऱ्यांच्या मागाखाली पडलेले कोसा रेशमाचे तुकडे तिने उचलले, त्यांवर सुईने पानंफुलं काढली, पुस्तकात ठेवायच्या वाचनखुणा केल्या आणि त्यांचे व्हिडिओ टाकले. शेजारी ठेवलेलं पुस्तक रंजिताच्या कपाटातलं. सहा महिन्यांत टीनाचे चौदा हजार फॉलोअर झाले.

रंजिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ही बया एक पुस्तक पुरं वाचत नाही. जेवताना रंजिताने सांगितलेली गोष्टच संध्याकाळी व्हिडिओत सांगते आणि लोक खाली बदाम टाकतात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! रंजिता जळत होती. स्वतःला मात्र सांगत होती की प्रश्न खरेपणाचा आहे.

त्यात एक दिवस भूषण जेवताना म्हणाला, "नागपूरच्या वाचक मंडळानं टीनाले बोलावलं. रविवारी लाइव्ह, पुस्तकायवर." याच मंडळाला रंजिताने तीनदा लिहिलं होतं आणि एकदाही उत्तर आलं नव्हतं. तिने ताटातला भात तसाच ठेवला.

दुसऱ्या दुपारी तिने खोट्या नावाचं खातं उघडलं. टीनाच्या ताज्या व्हिडिओखाली, मंडळाला टॅग करून, लिहिलं: "या बाईंनी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. आणि कापड तरी धड आहे का? उलट्या बाजूला तुटलेल्या धाग्याच्या दोन गाठी तशाच सोडल्यात." गाठींचं लिहिल्याशिवाय तिला राहवलं नाही. विणकराची लेक, कापड हाती आलं की आधी पालथं करून बघायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड.

संध्याकाळी टीना चहा घेऊन आली आणि समोर बसली.

"ताई, मंडळाच्या मॅडमनं इचारलं, हे खरं हाय काय. मी हो म्हटलं. मी नाहीच वाचत. वादाचं झेंगट नको म्हनून त्यायनं रविवारचं रद्द केलं."

"असं कसं," रंजिता म्हणाली. तिला झालेला आनंद कपाआड कसाबसा मावला.

टीनाने वाचनखूण पालथी करून तिच्यापुढे ठेवली. "ही बाजू मी व्हिडिओत दाखवलीच नोती. घरात पाह्यली ते तुमी अन् बाबानं. बाबाले तं फोन बी चालवता येत नाही."

रंजिताने विषय बदलला. "पण मॅडमना हो म्हणताना भीती नाही वाटली?"

"मले कायले भेव राहीन जी," टीना म्हणाली. "मी कुठं बोलनार होती? मले काय समजते पुस्तकातलं? आमची ताई बोलन, मी नुसत्या खुणा दाखवीन, असं मी त्यायले पयलेच कळवलं होतं. तुमाले रविवारीच सांगू म्हटलं."

तिने फोन पुढे केला. मंडळाचं पोस्टर होतं. कपाटापाशी वाचत बसलेल्या रंजिताचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत तिचं नाव, आणि टीनाचं तळाशी, बारीक. रंजिताने ते दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव वर होतं, आणि ते पुसलं होतं तिनेच.