शेवटचा सुंभ कोण सोडणार?

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, पण मला फडताळात शोधू नका. दिवेआगरात नीराबाईंच्या पडवीत एक काळे यंत्र टांगले आहे. त्यातून आळीतल्या घराघरांत इंटरनेट जाते. त्या यंत्राच्या स्मृतीत आम्ही डबे राहतो. कोणाचा आवाज, कोणाचे चित्र, कोणा पाहुण्याची खोलीची चौकशी आली, की त्याचा एकेक घास आमच्यात भरतात. ज्याचा त्याला पोचला, की आम्ही रिकामे होऊन पुन्हा रांगेला लागतो. डब्याचे सुख रिकामे होण्यात आहे, हे भरलेल्या लोकांना पटत नाही.

मला घडवले नीराबाईंच्या मुलीने, मृणालीने. ती नवी मुंबईत संगणकाचे काम करते. वादळात सुपारीची वाडी आडवी झाली, तारा तुटल्या, तेव्हा तिने हे यंत्र बसवले आणि आतले सगळे कामकाज स्वतः लिहिले. सुरुवातीला आमच्यात नुसता गोंधळ होता. एकच डबा यंत्रातल्या दोन कामकऱ्यांना लागे. एक जण घास पुढे घरी पाठवी आणि दुसरा आवाज नीट येतो का ते तपासी. पहिल्याचे झाले की तो मला रिकामा करी, आणि दुसरा अजून माझ्यात डोकावतच असे!

मग मृणालीने आम्हाला आळीचाच रिवाज लावला. गावकीचे स्वयंपाकाचे मोठे टोप देवळामागच्या खोलीत असतात. लग्नसराईत एकच टोप दोन-तीन घरांना लागतो. ज्याला हवा तो कडीला आपला काथ्याचा सुंभ बांधतो, आणि काम झाले की आपलाच सोडतो. शेवटचा सुंभ जो सोडेल त्याने टोप घासून जागेवर ठेवायचा. आमचा सुंभ म्हणजे नुसता आकडा. बांधला की एकाने वाढतो, सोडला की एकाने उतरतो. शून्य झाला की डबा मोकळा.

ते दिवस फार सुखाचे होते. आळी कौतुक करी. मला सर्वांत आवडे तो भावेशचा आवाज. भावेश मृणालीचा धाकटा भाऊ, जहाजावर असतो. जहाज बंदराला लागले तरच त्याचा फोन येतो. आणि फोन आला की नीराबाई पडवीत बसत नाहीत. वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या लेकाला दाखवायला वाडीत जातात. विहिरीपलीकडे आमची लहर पोचत नाही, हे त्यांना सांगून सांगून मृणाली थकली.

अशाच एका फोनात मी अडकलो. माझ्यात भावेशच्या हाकेचा इवलासा घास होता, 'आये'मधला नुसता 'आ'. पुढे पाठवणाऱ्याने माझ्यावर सुंभ बांधला, नीराबाईंचा फोन शोधला, तो सापडला नाही, आणि स्वारी तशीच माघारी फिरली. तपासणाऱ्याने आपला सुंभ सोडला. ह्याचा राहिला. मला टाकून दिले असते तर बरे झाले असते. माझ्यावर अजून कोणाचा तरी हक्क होता, आणि तो हक्कदार परत येत नव्हता. तो 'आ' मी जिवापाड सांभाळला. पुढचा 'ये' कधी ऐकू येईल, याचीच ओढ लागून राहिली. शेजारचे डबेही असेच अडकत गेले. शेवटी रांगेत एकही रिकामा डबा उरला नाही आणि आळीचे नेट ठप्प झाले.

असे पूर्वीही होई. लोक यंत्र बंद करून चालू करत. त्याने आम्ही सगळे पुसले जातो, पण आमच्यातला घास कोणालाच मिळत नाही. या वेळी मृणाली घरी होती. भावेशचे जहाज त्याच रात्री बंदर सोडणार होते. मग कितीतरी दिवस फोन नाही. दिवेलागणीला तो फोन करणार होता.

"बंद करून चालू कर ना बाय," नीराबाई म्हणाल्या. "पोरगा फोन करंल."

"थांब गं आये. बंद केलं की आत कोण अडकलंय ते दिसायचं नाही. आणि तू वाडीत गेलीस की पुन्हा असंच साचत जाईल."

"मंग मी त्याला वाडी दाखवायचीच न्हाय?"

मृणाली संगणक उघडून बसली. ती आमच्याकडे एकेक करून पाहत होती. प्रत्येकावर एकच सुंभ उरलेला, पण कोणाचा ते कळेना. नीराबाई रागारागाने अंगण झाडायला गेल्या आणि तिथे राहिलेल्या गावकीच्या टोपाची त्यांच्या पायाला ठेच लागली.

"लग्न होऊन गेलं तरी ह्यो हितंच!" त्या करवादल्या. "शेजारच्या तुळशीरामाचा सुंभ हाय कडीला. पूजेसाठी बांधला, तर घरात पोर झालं, सोयर आलं, पूजा राह्यली. काम झालं की मानूस सोडतो. ज्याचं कामच झालं न्हाय त्याला कसली सय? आन् दुसऱ्याचा आपल्याला सोडता येत न्हाय."

मृणालीचा हात थांबला. फोन सापडला नाही तर माघारी फीर, असे तिने लिहिले होते. सुंभ सोडून फीर, असे लिहायचे राहिले होते. तिने ती एक ओळ घातली आणि यंत्र बंद करून चालू केले.

माझा 'आ' गेला. ज्या सुटकेसाठी झुरलो ती मिळाली आणि मला फार वाईट वाटले. पुसल्यावर हे तुला कसे आठवते, असे विचाराल. आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी सूट द्यावी.

दिवेलागणीला फोन आला. नीराबाईंनी लेकीकडे पाहिले. "जा, दाखव त्याला," मृणाली म्हणाली. नीराबाई विहिरीपलीकडे गेल्या, एकट्याच बोलत राहिल्या. घास माघारी फिरले, पण प्रत्येकाचा सुंभ सुटला. त्या पडवीत परत आल्या तेव्हा भावेश अजून फोनवरच होता. माझी पाळी आली. माझ्यात 'आ' होता, मागच्या डब्यात 'ये'. दोन्ही पोचले.

मित्रांनो, एवढेच सांगायचे आहे. काम फसले तरी धरलेले सोडून जा. तुमचा सुंभ कुठे राहिला असेल तर आजच जाऊन सोडा. कोणीतरी रिकामे व्हायला थांबले आहे.

"ओ," नीराबाई म्हणाल्या. तो 'ओ' समुद्रापार न्यायला एक डबा रिकामा होता, आणि तो मी होतो.