दहा लाख एकचा भागाकार

सातपूरच्या आमच्या कामगार कॉलनीतल्या समाजमंदिरात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. समोर अंकनाथ महाराज आणि मागच्या फळ्यावर एकच आकडा: १०००००१. मोबाईल दारातच जमा करून घेतले होते.

"हा अखंड अंक," महाराज सांगत होते. "दोनने भागा, सातने भागा, एकोणतीसने भागा, बाकी उरणारच. ज्याला कोणी तोडू शकत नाही, तो तुमचा रोग तोडतो."

लोक पुटपुटत भागाकार करत होते. तिसापर्यंतचे पाढे संपले, आकडा काही फुटला नाही, आणि सगळ्यांनी हात जोडले.

मला या ढोंग्याचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःचा होता. इथल्याच शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं, छडी हातात घेऊन तिसापर्यंतचे पाढे पाठ करून घेतले. भाजक पाढ्यांच्या पलीकडेही असतात, हे मात्र कोणाच्या डोक्यात घातलं नाही.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या लताबाई रडत आल्या होत्या. त्यांचे यजमान झुंबर, कारखान्यातले फिटर, माझे जुने विद्यार्थी. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी चार दिवस इन्सुलिन बंद ठेवलं होतं आणि रोज हा आकडा एकशे एक वेळा वहीत लिहीत होते. साखर साडेचारशेवर गेली होती. डॉक्टरचं नाव काढलं की ते वही छातीशी धरून बसायचे.

मी उभा राहिलो आणि विचारलं, एकशे एकच वेळा का? शुभ संख्या आहे, महाराज म्हणाले.

"मग त्याच शुभ संख्येने भागू या," मी म्हणालो आणि पहिल्या रांगेत धापा टाकत बसलेल्या झुंबरच्या हातात खडू दिला.

मांडणी चोख होती. नऊचा भाग, पुन्हा नऊचा, मग शून्य. शेवटी खाली उरले एकशे एक. एकचा भाग, बाकी शून्य. उत्तर ९९०१.

अश्रद्धेने भागलं की अंक रुसतो, असं महाराज म्हणाले. कॉलनीतल्याच सरुबाई उठल्या आणि त्यांनी आपला मोबाईल परत मागितला. पाठोपाठ निम्मी सभा उठली.

मी लोकांना सांगितलं, हा आकडा अभाज्य म्हणायचा तर हजारापर्यंतच्या सगळ्या अभाज्य संख्यांनी भागून पाहावं लागतं. या गृहस्थाने तिसापर्यंत पाहिलं आणि तुमच्या आजारावर दुकान थाटलं. दोन घरं पुढची दहा लाख तीन ही संख्या खरोखर अभाज्य आहे. साखर तीही उतरवत नाही.

झुंबर अजून त्या शून्याकडेच बघत होते.

"सर, चारशे चार वेळा लिहिला मी हा आकडा," ते म्हणाले. "एकदाही भागून नाही पाहिला."

लताबाईंनी त्यांचा हात धरला आणि आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं.

कोणीही काहीही लिहायला सांगितलं, तर आधी भागून पाहा. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.