एका नावाची दोन

करीमचाचांच्या मासळी कंपनीचा सर्व्हर गच्च भरला आणि त्यातली दोन्ही व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे त्याच्या पोटात चालणारे आभासी संगणक, जागच्या जागी थिजली. नवं मशीन दाखवायचं ते शीतगृहाचं तापमान दिसेना. आता कामाचं न उरलेलं जुनं मशीन पुसलं की जागा होणार होती. पण दोघांचं नाव एकच, ‘रहमत’; वेगळे होते ते फक्त सर्व्हरने दिलेले नंबर. नव्या होडीला जुन्या होडीचंच नाव, ही चाचांच्या घरची रीत. मशीनलाही त्यांनी हट्टाने तेच द्यायला लावलं होतं.

“लहान नंबर तो जुना. पूस गो लवकर, कोळंबी नासेल!” चाचा खेकसले.

सर्व्हर सांभाळणाऱ्या तूबाने लहान नंबरचं मशीन पुसायची कमांड लिहिली. एंटरवर गेलेलं बोट मात्र थबकलं. नव्या मशीनची डिस्क तिने स्वतः नव्या प्रकारच्या कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या भागावर, बसवली होती; जुन्या मशीनचा कंट्रोलर जुनाच होता. लिहिलेलं खोडून तिने आधी त्या मशीनचा कंट्रोलर विचारला.

नवा! पूर्वी पुसलेल्या कुठल्याशा मशीनचा रिकामा पडलेला लहान नंबर सर्व्हरने परस्पर नव्यालाच दिला होता.

तिने मोठा नंबरही तपासला. त्याचा कंट्रोलर जुना निघाला, तेव्हा तिने ते मशीन पुसलं. तापमान दिसू लागलं.

“चाचा, नव्या होडीला जुनं नाव कधी देता हो?”

“जुनी फोडल्यावर,” म्हणता म्हणता चाचांचा आवाज उतरला; इथे जुनं पुसण्याआधीच त्यांनी नाव द्यायला लावलं होतं.