थोरल्या जाऊबाई

आमच्या पाचव्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जे जाडजूड फायर डोअर आहे, त्याला सासूबाई 'थोरल्या जाऊबाई' म्हणतात. अंगाने जड, आणि तोंडावर बंद व्हायची खोड. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे ते त्यांना सारखं लोटवत नाही, शिवाय बंद असलं की जिन्यावरून कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. म्हणून मी कामावर निघाले रे निघाले की त्या कोरफडीची कुंडी सरकवत आणून, दार उघडं राहावं म्हणून त्याला लावत आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसत. संध्याकाळी मी कुंडी आत न्यायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्या दिवशी सकाळी मात्र माझा पारा चढला.

"आई, आग लागली की धूर आधी जिन्यात भरतो. दार उघडं असलं तर तो थेट आपल्या घरात येणार. पळता येणार आहे का तुम्हाला?"

"नाही येणार. म्हणून काय आत्तापासून कोंडून घेऊ?"

मी पर्स उचलली आणि तणतणत निघाले.

दुपारी वॉचमनचा फोन आला. चौथ्या मजल्याच्या जिन्यात कुणीतरी टाकलेला जुना सोफा पेटला होता. "आजी वरच आहेत," तो म्हणाला, आणि मी तशीच टॅक्सीकडे धावले. टॅक्सीत मला सारखी ती मेली कुंडीच दिसत होती.

जिन्याच्या खिडक्यांतून काळा धूर निघत होता. मी एका बंबवाल्याचा हात धरला. "पाचवा मजला... माझ्या सासूबाई..."

"गॅलरीतून आम्हाला पाइप कुठून न्यायचा ते ओरडून सांगताहेत, त्याच ना?" तो म्हणाला. "ठणठणीत आहेत, ताई. वरचं दार बंद होतं. धूर बाहेरच अडला."

मी तिथेच फुटपाथवर बसले आणि ढसाढसा रडले. रडताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आग विझल्यावर, धूर निघून गेल्यावर त्याच बंबवाल्याने मला वर नेलं. जिन्याच्या बाजूने दार काळंठिक्कर पडलं होतं, रंगाला फोड आले होते. आतल्या बाजूला मुठीला अडकवलेली सासूबाईंची पांढरी पिशवी मात्र पांढरीच होती.

"कुंडी कुठंय?" मी सासूबाईंना पहिलं तेच विचारलं.

"घरात." त्यांनी मान फिरवली. "तू तरातरा निघून गेलीस, मला आला राग. म्हटलं, आज कुणाचं तोंडच बघायचं नाही. लावलीच नाही कुंडी."

"म्हणजे माझं ऐकलंत!"

"ऐकते कसली! रुसले होते."

मी त्यांना घट्ट मिठी मारली. त्यांनी माझी पाठ थोपटली.

आम्हाला खाली न्यायला बंबवाला दार धरून उभा होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "थांबा जरा, चपला घालते. आणि तोवर धरून ठेवू नका हो जाऊबाईंना. त्यांच्या मनासारखं होऊ द्या."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने हात काढला. दार आमच्या तोंडावर बंद झालं, आणि सासूबाईंनी त्या दाराला हात जोडले.