बाल्कनीवरची एक चादर

आमचं कास्तेलोरिझो हे ग्रीक बेट रिकामं करायचा हुकूम कैरोहून आला, तेव्हा क्रिसान्थीचा नवरा स्तामातिस पीठ आणायला समोरच्या तुर्की किनाऱ्यावर गेला होता. जर्मन विमानं आमच्या घरांवर बाँब टाकत होती; तुर्कस्तान मात्र लढाईत नव्हतं. इंग्रजांनी ठरवलं, सगळ्या गावाला बोटींनी सायप्रसला न्यायचं. शाळामास्तर म्हणून मला थोडं इंग्रजी येई. त्यामुळे बोटीवरच्या इंग्रज कप्तानाचं बोलणं लोकांना समजावायचं काम माझ्याकडे आलं.

"माणशी एकच बोचकं," मी सांगितलं.

"मग नवऱ्याला बोचक्यात बांधू का, मास्तर?" क्रिसान्थी म्हणाली. "तो आल्याशिवाय मी हलायची नाही. चादर घालते."

आमच्याकडची ही जुनी रीत. पलीकडे गेलेल्या माणसासाठी बाल्कनीवर एक चादर घातली, की लगेच ये. दोन घातल्या, की तिकडेच थांब, इकडे धोका आहे.

कप्तानाला मी हे सांगितलं. तो आभाळाकडे बघत राहिला.

"संध्याकाळपर्यंत येईल?"

"यायला हवा."

"मग घालू दे. आपण अंधार पडल्यावर निघू."

क्रिसान्थीने एकच चादर घातली.

दुपारी कप्तानाला वायरलेसवर निरोप आला: विमानं येतायत, आत्ताच निघा. शिपायांनी बायकापोरांना भराभर बोटीवर चढवलं. क्रिसान्थी उलटी फिरली. तिचं घर पार चढावर होतं.

"चादर काढू द्या! नाहीतर दुसरी तरी घालू द्या!"

"आता वेळ नाही," कप्तान म्हणाला. मी तेच ग्रीकमध्ये सांगितलं.

"तिकडे निदान जिवंत राहिला असता हो, मास्तर. मीच बोलावलं त्याला."

बोट बंदराबाहेर पडली, तेव्हा तुर्की किनाऱ्याकडून एक होडी येताना दिसली. मी कप्तानाकडे धावलो.

"पाहिली मी," तो म्हणाला. "थांबायची परवानगी मागितली. दोनदा. वरून नाही म्हणतात."

मी परत आलो. क्रिसान्थी कठडा धरून उभी होती. तिची पाच वर्षांची इरिनी मात्र आनंदाने नाचत होती.

"आई, बाबा! मास्तर, बघा ना, बाबा किती जोरात वल्हवतायत!"