ओढ्यापलीकडची बैठक

शहर पोलिसांनी त्या महिन्यात पत्त्यांच्या अड्ड्यांवर धाडींचा असा सपाटा लावला की विचारता सोय नाही. शहरातला जुगार बंद झाला, असं पेपरात छापूनही आलं. बंद कसला, डोंबल! पडेगावच्या पुढं ओढ्यापाशी शहराची हद्द संपते. तेवढा ओढा ओलांडून जुगार आवडाबाईच्या दारातल्या लिंबाखाली आला.

आवडाबाईला यातलं काय ठाऊक? तिच्या तनुजाला बघायला पुंडलिकनगरचे पाहुणे यायचे होते. "पोराला सुपारीचंबी व्यसन नाय," असं मध्यस्थ कडुबा सांगत होता. पण त्या गल्लीत ओळखीचं कुणी नाही, मग चौकशी करायची कुणाकडं? नवऱ्यामागं वाढवलेली एकुलती लेक डोळे झाकून द्यायची, या धसक्यानं बाईला आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

पाहुणे अकराला यायचे, पण दहालाच दोन गाड्या थांबल्या. इस्त्रीच्या कपड्यातले सातजण उतरले.

"मावशी, जरा सावलीला बसू का?"

"बसा की. तुमच्यासाठीच सतरंजी हातरलीय."

तिनं पदर सावरला, पाय धुवायला पाणी दिलं, पोह्यांच्या बशा पुढं केल्या. सातहीजण चाट पडले. जुगाऱ्यांना इतका मान कोण देतं? त्यातले वयस्कर नानासाहेब तर गहिवरलेच. त्यांनी पत्त्यांचा कॅट मांडीखाली सारला.

तेवढ्यात तनुजा चहा घेऊन आली आणि समोर बसली. नानासाहेबांनी घसा खाकरला.

"नाव काय, बाळा?"

"तनुजा. शेंद्र्याला कंपनीत आहे. यातला मुलगा कोणता?"

सातांनी एकमेकांकडं पाहिलं. लग्नाचा एकही नव्हता.

आता मात्र खरी गाडी आली. कडुबा उतरला, मागून नवरदेव इंद्रजीत. लिंबाखालची मंडळी दिसताच गड्याचा चेहरा उजळला. मुलीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या, नानासाहेबांनी सवयीनं सरकून जागा दिली तसा मांडीखालचा कॅट उघडा पडला, तो मांडी घालून बसला आणि पत्त्यांसाठी हात पुढं केला.

"आज उशीर केलास," नानासाहेब बोलून गेले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

कडुबाचा चेहरा पांढराफटक पडला. तनुजानं मात्र इंद्रजीतपुढं चहा ठेवला.

"घ्या. डाव थांबवू नका."

आवडाबाई मटकन खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. किती दिवसांनी जीव असा हलका झाला होता.

"कडुबा, पाहुण्यांना पोहे दे," ती म्हणाली. "पोरगी नाय द्यायची मला."